नाव न सांगणारे वकीलसाहेब

निजामोद्दीन वकीलसाहेबांच्या एकसष्टीनिमित्त आमच्या वकील संघानं स्मरणिका काढली. त्यांच्यावरचा लेख माझ्याकडे आला, कारण पंधरा वर्षं मी त्यांची ज्युनिअर. तीनशे शब्द, फोटोसह. वर सूचना होती, "साधना मॅडम, मृदुभाषी, अजातशत्रू, सर्वांना सोबत घेऊन चालणारे, असं काहीतरी येऊ द्या." मी म्हटलं, अहो, तुम्ही नक्की कोणाबद्दल बोलताय? या माणसानं तालुक्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांशी आणि झाडून सगळ्या वाळूवाल्यांशी वैर घेतलंय. अजातशत्रू छापलेलं दिसलं तर ते स्मरणिकेवरच मनाई हुकूम आणतील. तरी लेख लिहून दिला. स्मरणिकावाल्यांनी त्याला अशी कात्री लावली की त्यात नंदाबाईंचं नावही उरलं नाही. म्हणून सगळं पुन्हा इथे लिहिते आहे. कोणाला राग आलाच तर येऊ दे.

साहेबांचे वडील घनसावंगीच्या बाजारात कापूस पिंजायचे, गाद्या-उशा भरायचे. घरी उर्दू, दुकानात मराठी. एकोणिसाव्या वर्षी साहेब जालन्याला भरतीला गेले आणि फौजेत लागले. कारगिलच्या वेळी ते हवालदार होते आणि पलटणीच्या खबर विभागाचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. हाताखाली सहा माणसं, एक तंबू, दोन दुर्बिणी आणि एक वायरलेस. पलीकडची माणसं वायरलेसवर उर्दूत बोलायची आणि हे इकडे ऐकून लिहून घ्यायचे. सुट्टीवर आले तेव्हा चौकातल्या एका शहाण्यानं विचारलं, "काय हो, तिकडच्यांची भाषा तुम्हाला इतकी चांगली कशी येती?" साहेब म्हणाले, "माझ्या आईची भाषा हाय ती. तिकडच्यांना कशी काय येती, ते त्यांना विचार." तो शहाणा पुन्हा त्यांच्या वाटेला गेला नाही. मी तिथे नव्हते याचं मला अजून वाईट वाटतं.

फौजेतून आल्यावर चाळिशीत ते वकिली शिकले. काळा कोट अंगावर आला, पण खबर विभाग काही सुटला नाही. ऑफिसात त्यांची खुर्ची भिंतीला टेकलेली आणि तोंड दाराकडे. एका टपरीवर लागोपाठ दोन दिवस चहा नाही. ज्यांनी माहिती आणून दिली, त्यांची नावं डायरीत कधीच नाहीत. तिथे तूर, जवस, करडई, असं लिहिलेलं. पहिल्या वर्षी मला वाटायचं की साहेबांनी गुपचूप आडत टाकलीय. आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांकडून आल्याशिवाय कुठलीही खबर खरी धरायची नाही. त्यांच्या बायकोनं, सरदारबी चाचींनी, एकदा माझ्यासमोरच वैतागून सांगितलं, "सालन में नमक कम है बोली, तो पूछते, और किसने बोला?"

आता नदीकाठच्या त्या गावाची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. साहेबांची सवय लागली म्हणा.

गावात सोमेश्वर नावाचा वाळूचा ठेकेदार. गोदावरीच्या पात्रातून वाळू काढायची परवानगी त्याला मिळालेली होती, ती फावड्या-टोपल्यानं आणि दिवसाला दहा गाड्या. त्यानं पात्रात दोन पोकलेन उतरवले आणि हायवा ट्रकच्या रांगा लावल्या. वर्षभरात काठच्या विहिरींचा तळ दिसायला लागला. नंदाबाई आणि त्यांचे मालक रामकिसन यांचं दीड एकर रान अगदी काठाला. विहीर आटली तशी नंदाबाई गावातल्या दहा-बारा शेतकऱ्यांना घेऊन साहेबांकडे आल्या. साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "रोज किती गाड्या जात्यात, कोण मोजणार?" सगळे पुरुष खाली बघायला लागले. काठावर सोमेश्वरची माणसं बसलेली असायची. कोणी मोबाईल वर केला तरी हिसकावून पाण्यात टाकायचे.

बाकीचे उठून गेल्यावर नंदाबाई एकट्याच मागे थांबल्या. "मी मोजते," त्या म्हणाल्या. "होळी झाली. आता गोधड्या धुवायच्याच हायत."

आमच्याकडे थंडी सरली की होळी ते पाडव्याच्या मध्ये घरातली एकूणएक गोधडी नदीवर जाते. धुवायची, वाळवायची, वाळेपर्यंत काठावर बसून फाटलेल्या शिवायच्या. पाच-सहा दिवस, मोठं घर असेल तर जास्तच. नंदाबाई तर भावकीतल्या म्हाताऱ्यांच्याही गोधड्या धुवून-शिवून द्यायच्या. आणि बायका धुण्याला बसल्या की त्या बाजूला पुरुषानं मान वळवायची नाही, हा आमच्या गावांचा रिवाज. ओल्या लुगड्यातल्या बायका असतात, कोणी बघितलं तर भांडण पेटतं. सोमेश्वरनं स्वतः आपल्या माणसांना ताकीद दिली होती, "बायकांच्या घाटाकडं कोणी बघायचं न्हाई, गावात बोंब नको." हे त्यानं चांगल्या मनानं केलं, हेही सांगितलं पाहिजे. पण त्यामुळे झालं असं, की नदीवर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या नजरेत होता, फक्त बायका नव्हत्या.

नंदाबाई अकरा दिवस घाटावर बसल्या. भरलेली हायवा वर चढली की हातातल्या गोधडीवर एक लाल टाका. दिवस संपला की ओळ संपली. बाराव्या दिवशी ती गोधडी एसटीनं सरदारबी चाचींकडे आली. पिंजाऱ्याच्या घरी गोधडी घेऊन जाणाऱ्या बाईला कोण कशाला विचारणार? चाचींनी टाके मोजून कागदावर उतरवले आणि गोधडी जिची होती तिच्याकडे परत गेली. अकरा दिवस, चारशे बारा गाड्या. साहेबांनी ही खबर दुसऱ्या माणसाकडून आलेल्या आकड्यांशी ताडून बघितली. तो दुसरा माणूस कोण, ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. मी त्यांची ज्युनिअर होते, त्यांच्या घरचं मीठ खात होते, तरी नाही. राग येतो.

शेतकऱ्यांच्या अर्जासोबत यादी कोर्टात दाखल झाली आणि सोमेश्वर पिसाळला. कोणी मोजलं? त्यानं चहावाल्याला दरडावलं, टायरवाल्याला हाकललं आणि शेवटी हारुनवर बोट ठेवलं. हारुन त्याच्याच हायवावर सहा वर्षं ड्रायव्हर. चाळिशीचा माणूस, अफ्रीन आणि अंबरीन या दोन पोरींचा बाप, तोंडातून शब्द काढायला दिवस लावणारा. त्याचा गुन्हा काय, तर तो साहेबांच्या गल्लीतला आणि त्यांच्याच जमातीचा. एवढ्यावर झालं! ठेकेदारानं त्याच्यावर बॅटऱ्या चोरल्याची फिर्याद दिली. दोन दिवस आत राहून हारुन जामिनावर सुटला, तर पुलाजवळ चार जणांनी गाठून त्याचा हात मोडला.

तो प्लास्टरातला हात घेऊन ऑफिसात आला. "चाचा, मैं तो कुछ बोल्याच नहीं," म्हणाला. "अब वो बोलते, सही कर. लिस्ट मैंने बनाई, दुश्मनी से, तुम्हारे बोलने पे. फिर केस वापस लेते." मग त्यानं विचारलं, "कर दूँ क्या?"

साहेब म्हणाले, "मत कर." पण पुढे काय करायचं ते त्यांना सांगता येईना. पंधरा वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कारण पेच सरळ होता. ठेकेदाराच्या वकिलानं कोर्टात लेखी म्हणणं दिलं होतं की यादी खोटी आहे, ती चोर ड्रायव्हरनं सूडापोटी रचली आहे, आणि तसं नसेल तर मोजणाऱ्याचं नाव सांगा. न्यायाधीशांनी साहेबांना पुढच्या तारखेपर्यंत मुदत दिली. नाव सांगितलं तर नंदाबाईंना त्याच गावात, त्याच भावकीत, सोमेश्वरच्या दारावरून रोज जायचं होतं. नाही सांगितलं तर यादी बाद, नदी गेली आणि हारुन जन्मभराचा चोर.

हारुन गेल्यावर साहेबांनी मला कारगिलमधल्या एका हमालाची गोष्ट सांगितली. आधी कधीच सांगितली नव्हती. तिथल्याच गावचा माणूस, पाठीवर रेशन वाहायचा. कुठल्या कड्यामागे किती जण लपलेत, ते त्यानं साहेबांना सांगितलं. त्यावरून पलटणीची कितीतरी पोरं वाचली. त्याचं नाव साहेबांनी कुठेही लिहिलं नाही, हुकूमच तसा होता. लढाई संपली, पदकं वाटून झाली. हिवाळ्यात तो माणूस छावणीच्या फाटकाशी आला. पोराला शाळेत घालायचं होतं, यानं फौजेचं काम केलंय एवढी चिठ्ठी हवी होती. नवीन अधिकाऱ्यानं साहेबांना बोलावून विचारलं, याला ओळखतोस का?

"मी म्हणलं, न्हाई," साहेब म्हणाले. "हुकूम पाळला, बेटा. त्यानं माझ्याकडं बघितलं अन् चालाय लागला. नाव फुटलं असतं तर त्याला मारलं असतं कोणी, हे बराबर हाय. पण मी काय केलं? तो माणूस होता हेच पुसून टाकलं. पंचवीस वर्षं होत आली, मला अजून ते फाटक दिसतं."

मी विचारलं, मग आता नाव सांगणार का? ते ताडकन म्हणाले, "बिलकुल न्हाई."

माणसाला इतका त्रास होत असताना तो पुन्हा तेच करतो, याला काय म्हणावं? मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमच्या या नियमापायी हारुनचा हात मोडलाय. मी फाईल आपटून घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, पण बोलले नाही.

त्याच आठवड्यात नंदाबाई भर दुपारी, तहसीलसमोरच्या गर्दीतून, सगळ्यांच्या देखत ऑफिसात शिरल्या. साहेब उभेच राहिले. "ताई, इथं यायचं न्हाई म्हणून सांगितलं होतं ना? मागच्या दारानं जा, जल्दी."

"म्या काय चोरी केली मागच्या दारानं जायला?" नंदाबाई खुर्चीत बसल्या. "हारुनभाऊचा हात मोडला म्हणं. टाके म्या घातले अन् हात त्याचा मोडला. हे कुठलं शास्त्र?"

"तुमचं नाव बाहेर आलं तर गावात राहणं मुश्किल होईल. ती जबाबदारी माझी हाय. मी नाव सांगणार न्हाई, अन् तुम्ही बी सांगायचं न्हाई."

"तुम्हाला कोण सांगा म्हणून राह्यलंय?" त्या म्हणाल्या. पिशवी उचलली आणि पुढच्या दारानं निघून गेल्या.

तारखेच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. पुढच्या बाकावर सोमेश्वर, मागे त्याची माणसं. भिंतीशी हारुन. न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब, मोजणाऱ्याचं नाव सांगताय का?"

साहेब उठले. "साहेब, मी नाव सांगणार नाही. यादी खरी आहे हे सिद्ध करायची दुसरी वाट मी शोधीन. नाव मात्र मागू नका."

"मग मला यादी बाजूला ठेवावी लागेल," न्यायाधीश म्हणाले. सोमेश्वर हसला. मी ते हसू बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं, नाहीतर मोडलंच असतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, गाड्या म्या मोजल्या."

नंदाबाई चालत थेट पुढे आल्या. आणि मग आमच्या कोर्टात कधी घडलं नव्हतं ते घडलं. साहेबांनी हात वर केला. "माझी हरकत आहे! या बाई माझ्या साक्षीदारांच्या यादीत नाहीत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "अहो, त्या तुमच्याच बाजूनं बोलायला आल्यात ना?"

"तरी माझी हरकत आहे."

कोर्टात हशा पिकला. नंदाबाई हसल्या नाहीत. "साहेब, वकीलसाहेब त्यांचं काम करून राह्यले. मला माझं करू द्या." मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बसा आता. तुमच्या नियमानं तुम्ही वागला. पण नाव माझं हाय. ते ठेवायचं का सांगायचं, हे मीच ठरवणार."

साहेब खाली बसले. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांनी पुढ्यातली फाईल बंद केली आणि मला, आठवडाभर न बोललेल्या मला, त्यांची दया आली.

शपथ झाली. नंदाबाईंनी घाट सांगितला, लाल टाके सांगितले, अकरा ओळी सांगितल्या. ठेकेदाराचे वकील उलटतपासाला उठले.

"सोमेश्वर तुमच्या भावकीतले. तुमचं त्यांच्याशी वैर आहे."

"वैर असतं तर त्याच्या आईच्या गोधड्या म्या धुतल्या असत्या का?"

"असं! मग ती टाक्यांची गोधडी कुठे आहे? का तीही नदीत वाहून गेली?"

"न्हाई. त्याच्याच घरी हाय. साळूबाईंची हाय ती, त्याच्या आईची. त्यांनीच शिवायला दिल्ती, म्या शिवून परत नेऊन दिली."

एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी फसकन हसलं आणि सगळं कोर्ट हसायला लागलं. सोमेश्वर उठून उभा राहिला, बसला, परत उठला. वैशाखापर्यंत तो सगळा हिशेब त्याच्याच पलंगावर घडी करून ठेवलेला होता. मी साहेबांकडे बघितलं. त्यांना हे ठाऊक होतं. गोधडी कोणाची, हे चाचींनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं असणार.

कोर्टाचा बेलीफ दुपारी गावात गेला. सोमेश्वरच्या घरच्यांनी गोधडी लपवली असती, पण साळूबाई त्या घरातल्या कर्त्या. बेलीफानं नंतर सांगितलं की म्हातारीनं स्वतः घडी घालून गोधडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "घेऊन जा. आमच्या बी हिरीला पाणी न्हाई." अर्ज होता बायका-पुरुष दहा-बारा शेतकऱ्यांचा, आणि ठेकेदाराची आई त्यांच्याच बाजूची निघाली.

कोर्टाच्या टेबलावर गोधडी उलगडली. अकरा ओळी, लाल टाके. कारकुनानं दोनदा मोजले, चारशे बाराच भरले. न्यायाधीशांनी त्याच दिवशी पात्रातली यंत्रं बंद करायचा हुकूम दिला आणि यादीशी हारुनचा काही संबंध दिसत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. चोरीची केस नंतर टिकलीच नाही. बॅटऱ्या गाड्यांवरच होत्या, जाणार कुठे!

आता खोटं कशाला सांगू, नंदाबाईंना पुढे त्रास झालाच. दोन लग्नांची बोलावणी आली नाहीत, पिठाच्या गिरणीत त्यांचा डबा मुद्दाम शेवटी ठेवायचे. रामकिसनभाऊ महिनाभर घाबरून होते. साहेब दर आठवड्याला गावात जायचे, भर दुपारी, त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. पण स्मरणिकावाल्यांनी हे सगळं काढून टाकलं, 'वादग्रस्त' म्हणून. वादग्रस्त! विहिरी आटल्या तेव्हा यांना वाद दिसला नाही.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. संध्याकाळी कोर्ट उठायच्या वेळी कारकुनानं नंदाबाईंचा टाईप केलेला जबाब सहीसाठी पुढे केला. साहेब बाजूलाच उभे होते. "सही करा, ताई," ते म्हणाले.

"आधी वाचून दाखवा," नंदाबाई म्हणाल्या.

कारकुनानं घाईघाईनं सुरुवात केली. "नाव नंदाबाई रामकिसन, वय बावन्न, धंदा घरकाम, राहणार..."

"थांबा. काय म्हणला? घरकाम?"

"बाईमाणसांचं आम्ही तसंच लिहितो."

"मंग आतापर्यंत सगळ्यांचंच चुकीचं लिहिलं तुम्ही," नंदाबाई म्हणाल्या. "ते खोडा. शेती लिहा. नदी माझ्या रानाला लागती म्हणून तर आल्ते मी इथं."

कारकुनानं साहेबांकडे बघितलं, की आता हे काहीतरी समजावतील. साहेब म्हणाले, "माझ्याकडं काय बघता? साक्षीदार सांगून राह्यल्यात ते लिहा."

त्यानं कागद पुन्हा टाईप केला. नंदाबाईंनी तो स्वतःच्या हातात घेऊन ती ओळ एकदा वाचली, आणि मग सोमेश्वरच्या देखत पूर्ण नाव घालून सही केली.